आत्याची क्लिप आणि धातुहर महाराजांची सुई

सुई थरथरली आणि अख्खा हॉल ‘आऽऽ’ करून उठला.

बाकावर एक निवृत्त बस-ड्रायव्हर पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून आडवे झाले होते. गुडघा बदललेला, त्यावर मोठा व्रण. पांढऱ्या झग्यातल्या धातुहर महाराजांनी डाव्या हातात बशीएवढं होकायंत्र धरलं होतं, उजवा हात ते गुडघ्यावरून फिरवत होते आणि सुई वेड्यासारखी गरगरत होती.

“पाहा! धातू जागा झाला! वीस वर्षं झोपला होता!”

“सहा,” ड्रायव्हर म्हणाले.

“सहा वर्षं झोपला होता!” महाराज जराही न अडखळता म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले, गुडघा खसाखसा चोळला आणि सुरू झाले. “कण कण सुटला, धातू आटला, आयन उडाले, देह मोकळा!” उजवी मूठ आवळून त्यांनी हात पाठीमागे नेला, काहीतरी फेकून दिल्याचा झटका दिला आणि होकायंत्र पुन्हा गुडघ्यावर धरलं. सुई गप्प. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझ्या शेजारी बसलेल्या आत्याचे डोळे भरून आले.

मी मात्र टाळी वाजवली नाही. मी एमआरआयची तंत्रज्ञ आहे. दिवसभर मी एका प्रचंड चुंबकाच्या दाराशी उभी राहून येईल त्याला एकच गोष्ट विचारते, अंगात कुठे धातू आहे का? लोक वैतागतात. वैतागू देत. ते चुंबक, यंत्र बंद दिसलं तरी, जागं असतं. आणि आज या माणसानं ड्रायव्हरना काय सांगितलं?

“आता लक्षात ठेवा,” महाराज बोट उगारून म्हणाले, “कोणीही विचारलं, दवाखान्यात विचारलं, तरी म्हणायचं, माझ्या अंगात धातू नाही. ‘आहे’ म्हणालात की त्या शब्दासरशी तो परत शिरतो. आणि फोटोबिटो काढायच्या भानगडीत पडू नका. शंका घेतली की संपलं!”

वा रे वा! म्हणजे तपासायचं नाही आणि खरंही बोलायचं नाही. मला तर तिथेच त्या झग्याची गचांडी धरावीशी वाटली.

आत्याच्या डोक्यात क्लिप आहे. ऐन चाळिशीत तिच्या मेंदूतली एक शीर फुग्यासारखी फुगली होती. सर्जननं कवटी उघडून त्या फुगवट्याच्या मानेला चिमटा लावला, म्हणून आत्या जगली. पण ते हॉस्पिटल केव्हाच बंद पडलं आणि क्लिप कुठल्या धातूची होती हे सांगणारं कोणी उरलं नाही. जुन्या काळातल्या काही क्लिपा चुंबकानं ओढल्या जातात, आणि क्लिप जागची हलली की शीर फाटू शकते. गेल्या महिन्यात आत्याला चक्कर यायला लागली, डॉक्टर म्हणाले एमआरआय करू, आणि मी म्हटलं, मुळीच नाही. क्लिप कशाची हे कळेपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, दुसरी तपासणी शोधू. आत्याला वाटलं मी अडवणूक करते आहे. त्या क्लिपचाच तिला राग यायला लागला. “मेली ती क्लिप नसती, तर आतापर्यंत निदान झालं असतं,” असं ती येईल त्याला सांगायची. आणि नेमक्या अशाच चिडलेल्या लोकांसाठी या हॉलच्या दारावर फलक होता, ‘एमआरआय नाकारला? धातू गाळून घ्या!’

तिची क्लिप मागच्या आठवड्यातच ‘गाळून’ झाली होती, मला न सांगता. आज ती फक्त आभार मानायला आली होती आणि मला दाखवायला घेऊन आली होती. येताना रिक्षात तिनं हसत हसत सांगितलं, “उद्या दुपारी एमआरआय आहे माझा.”

“कुठे?” मी ओरडलेच.

“नाही सांगणार. तू मोडता घालशील.”

पुढे बसलेला दादा, म्हणजे आत्याचा मुलगा, मागे वळूनसुद्धा पाहीना. “आई सांगू नको म्हणाली आहे,” एवढंच तो म्हणाला. शहरात सेंटरं काय थोडी आहेत? मी कुठेकुठे फोन करणार होते? आणि तिथल्या माणसानं विचारल्यावर आत्या काय उत्तर देणार होती, हे मला आता कळलं होतं.

म्हणून मी रडत बसले नाही, बघत बसले. महाराजांच्या दारातल्या मुलीनं आमच्या किल्ल्या, फोन, घड्याळं, बांगड्या सगळं टोपलीत काढून घेतलं होतं. “कंपनं बिघडतात,” म्हणाली. आमच्याही दारात हेच करतात, पण तिथे आत खरं चुंबक असतं. इथे कशाला? बरं, त्या मुलीला काम येत नव्हतं. आमच्याकडे बायका सगळं काढतात आणि केसांतले आकडे विसरतात. ते आधी काढायला लावायचे, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो. माझ्या अंबाड्यात चार आकडे तसेच होते.

दुसरा रुग्ण झाला, तिसरा झाला. मी सुईकडे बघणं सोडून दिलं आणि महाराजांच्या हातांकडे बघायला लागले. उजवा हात जिकडे जाई, सुई तिकडे जाई. सुई शांत असे तेव्हा उजवा हात प्रत्येक वेळी पाठीमागे. शिवाय तिसऱ्या माणसाच्या पायात टायटेनियमची सळई होती, तसं त्यानंच सांगितलं. टायटेनियमला चुंबक ओढतच नाही. मग त्याच्यावर सुई नाचली कशी?

मी उठले आणि लंगडत पुढे गेले.

“अगं, तुला काय झालं?” आत्या मागून म्हणाली.

“महाराज, मांडीत सळई आहे हो,” मी कळवळून म्हटलं. आयुष्यात मी एवढा अभिनय कधी केला नव्हता.

बाकावर झोपले. सुई मांडीवर आली, उजवा हात आला आणि सुई अशी काही फिरली की महाराज स्वतःच खूश झाले. “अबब! फार जुना धातू! पक्का मुरलेला!” कण सुटले, आयन उडाले, हात मागे गेला, सुई गप्प झाली. हॉलनं टाळ्या वाजवल्या.

मी उठून बसले. “महाराज, माझ्या अंगात टाचणीएवढाही धातू नाही. माझं कधी ऑपरेशनच झालेलं नाही. विचारा माझ्या आत्याला.”

सगळ्या माना आत्याकडे वळल्या. आत्या गोंधळली. “खरं आहे,” ती हळूच म्हणाली. “हिचं कधी काही झालं नाही. पण मग सुई...”

“पूर्वजांचा धातू!” महाराज गरजले. “रक्तातून येतो!”

“येत असेल बापडा,” मी म्हटलं आणि अंबाड्यातला एक आकडा काढला. तळहातावर ठेवला आणि हात त्यांच्या उजव्या बाहीजवळ नेला. आकड्यानं टुणकन उडी मारली आणि तो झग्याच्या कफाला जाऊन चिकटला. दुसरा काढला. तोही गेला. महाराज हात मागे घेईपर्यंत तिसराही लटकला होता.

हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. दादा पुढे आला. त्यानं महाराजांचं मनगट धरलं आणि कफ उलटा केला. आत शिवलेल्या कप्प्यातून बटणासारखं चकचकीत चुंबक बाहेर आलं.

“हे... हे धातू ओढून घेण्यासाठीच आहे!” महाराज म्हणाले. “औषधच आहे ते!”

“आई, ऐकलंस? औषध म्हणे,” दादा म्हणाला.

ड्रायव्हरसाहेबांनी होकायंत्र उचललं आणि स्वतःच्या गुडघ्यावर धरलं. सुई हलली नाही. “म्हणजे माझा गेला ना पण?” ते आशेनं म्हणाले.

मागच्या रांगेतल्या एक शिक्षिका उठल्या. मनगटात प्लेट, नंबर अजून लागायचा होता. त्यांनी होकायंत्र मागून घेतलं आणि आपल्या मनगटावर धरलं. सुई उत्तरेकडे तोंड करून शांत बसून राहिली.

“माझा तर अजून गाळलाच नाही,” शिक्षिका म्हणाल्या. “मग माझ्यावर का हलत नाही? गाळलेल्यावर हलत नाही, न गाळलेल्यावरही हलत नाही. अहो, या सुईला आपल्या हाडांतलं काहीच कळत नाही!”

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगू. महाराजांची कंपनं मागच्या जिन्यानं खाली उतरली ती पुन्हा वर आली नाहीत.

पण माझं काम झालं नव्हतं. घर आल्यावर आत्या म्हणाली, “तो लबाड असेल गं. पण माझं डोकं हलकं झालं होतं, ते खोटं का? एखाद्या वेळी गेलीही असेल क्लिप.” दादानं तिचा हात धरला. “आई, उद्या सकाळी साधा एक्स-रे काढू. त्यात चुंबक नसतं. मग दुपारचं बघू.”

सकाळी आमच्याच सेंटरवर एक्स-रे काढला. पडद्यावर आत्याची कवटी उमटली आणि मधोमध एक लखलखीत पांढरा चिमटा. आत्या खुर्ची ओढून जवळ बसली.

“मी शंका घेतली,” ती पुटपुटली, “म्हणून परत आली असेल.”

“कवटी न उघडता?” मी म्हटलं. “आणि आली ती नेमकी त्याच फुगवट्याला धरून बसली? आत्या, सर्जनला तिथे पोचायला अख्खा दिवस लागला होता. ती मागच्या आठवड्यात खरंच विरघळली असती ना, तर ती शीर तिथल्या तिथे फुटली असती. आज तू इथे माझ्याशी वाद घालत बसली नसतीस.”

आत्यानं पडद्यावरच्या चिमट्यावर बोट ठेवलं. मग तिनं पदरानं डोळे पुसले. “इतकी वर्षं ही माझ्या जिवाला धरून बसली आहे,” ती म्हणाली, “आणि मी हिलाच हाकलायला निघाले होते!” दादानं खिशातून फोन काढला आणि दुपारची वेळ रद्द केली.

चक्करचं पुढे वेगळ्या तपासण्यांतून पाहिलं. कानातला दोष निघाला, व्यायामानं कमी होतो आहे. ते सोडा. मला काळजी आहे ती त्या हॉलमधून मी येण्याआधी टाळ्या वाजवत घरी गेलेल्या लोकांची. ते कुठल्यातरी सेंटरच्या दारात उभे राहतील, आणि विचारल्यावर ‘नाही’ म्हणतील.

म्हणून सांगते. अंगातल्या प्रत्येक धातूनं एमआरआय अडत नाही. बहुतेक गुडघे, सळया, प्लेटा बिनधोक आत जातात. काही पेसमेकरही नीट तयारी करून चालतात. काही गोष्टी मात्र जीव घेतात. कोणती कशात बसते हे ठरवणं आमचं काम, आणि ते आम्हाला तुमच्या उत्तरावरून करावं लागतं. धातू शब्दानं अंगात शिरत नाही आणि शब्दानं बाहेरही जात नाही. तो सर्जननं ठेवला, तुमच्या भल्यासाठी ठेवला. दारात कोणी विचारलं की मोठ्यानं सांगा, “आहे.” आठवत नसेल तर सांगा, “आठवत नाही.” आम्ही थांबू, शोधू, दुसरी वाट काढू. तुम्ही खोटं ‘नाही’ म्हणालात, तर थांबायला आमच्याकडे दुसरं काहीच कारण नसतं.