शनिवारी आलेला फोन

सोमवारी चिकलठाण्याच्या औषध कंपनीत पुन्हा रुजू व्हायचं होतं, आणि माझी मागणी एवढीच होती की जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल लावला की माझी दहा महिन्यांची संस्कृती मला धडधाकट दिसावी. तिला सांभाळायला माझ्या सासूबाई, आवडाबाई, सोयगावहून आल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांनी पाच लेकरं वाढवली, पाचही ठणठणीत. मी एकच वाढवतेय, तीही गूगलला विचारून. तरी नजर मलाच त्यांच्यावर ठेवायची होती. तोंडावर अर्थात असं म्हणाले नाही. म्हणाले, "तिला माझी आठवण येईल ना, म्हणून व्हिडिओ."

"तिला काय कळतंय? तुलाच येईल," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांचा फोन बटणांचा. म्हणजे नवा घेणं आलं.

क्रांती चौकात आमच्या सिमकार्डवाल्या कंपनीचं दुकान आहे. तिथल्या सरितानं विचारलं, "कॅमेरा कशाला हवाय मॅडम? सेल्फी का रील्स?"

"सासूबाई."

तिनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "मग पुढचा कॅमेरा चांगला असलेला घ्या. माझ्या बहिणीनं पण तोच नेलाय."

तिनं सिम घालून कॉल लावून दाखवला. पक्कं बिल, वॉरंटी, बिघडला तर इथंच आणा. उद्या येऊन नेते, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी नवऱ्यानं तो पुन्हा बाहेर काढला.

"सेम फोन," सोमनाथ स्वतःचा मोबाइल माझ्या नाकासमोर धरत म्हणाला. "ऑनलाइन, निम्म्या किमतीत. जवळपास नवीन."

"जवळपास नवीन म्हणजे जुना."

"म्हणजे कुणीतरी घेतला आणि परत केला."

"का केला?"

"रंग आवडला नसेल."

"काळा आहे तो, सोमनाथ."

"तेच म्हणतोय मी."

याच माणसानं ऑनलाइन चपला मागवल्या होत्या. दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या. अजून म्हणतो, कातडं मात्र एक नंबर होतं. पण या वेळी एक अट माझ्या मनासारखी होती. डिलिव्हरीवाला दारात डबा उघडणार, आपण फोन तपासायचा, पटला तरच ओटीपी द्यायचा. तपासण्यात मला कुणी हरवू शकत नाही. पगार त्याचाच मिळतो, आणि घरी मी फुकटात डायपरचीसुद्धा तारीख बघते. मी हो म्हणाले.

फोन आला शनिवारी. डिलिव्हरीवाला आकाश डब्याला कटर लावणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब रं. आज शनवार हाय. त्यात लोखंड हाय का?"

मी बीएस्सी, केमिस्ट्री. खोटं बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तोंडातून गेलं, "बारीक स्क्रू असतील."

"मग शनवारी उघडायचं नाय अन् उंबऱ्याच्या आत आणायचं नाय. लेकराचं घर हाय."

"आत्याबाई, इथं दारातच उघडते. फक्त बघते."

"बघ की बाई. तुझं घर, तुझी लेक. मी आपली उद्याच्या गाडीनं सोयगावला जाते."

"मॅडम," आकाश घड्याळ बघत म्हणाला, "मला अजून आख्खं सिडको करायचंय. न बघता ओटीपी दिला तर नंतर तक्रार चालत नाही हां. मग म्हणू नका, सांगितलं नाही."

समोर डबा, मागे सासूबाई, आणि सोमवार परवावर. फोन दुसरा मिळतो, सासू दुसरी मिळत नाही. मी ओटीपी दिला.

डब्यानं रात्र स्कूटीच्या डिकीत काढली. स्कूटीही लोखंडाचीच, पण ती आधीपासून घरातली. शनिदेव तिला ओळखत असावेत.

रविवारी हळदकुंकू झालं, नारळ फुटला, डबा उघडला. मागचा कॅमेरा झकास. पुढचा लावला तर काळाकुट्ट अंधार. सोमनाथनं नखानं खरवडून पाहिलं, फुंकर मारली, शेवटी शर्टानं पुसलं. मी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, ओटीपी देण्याआधी आपण प्रॉडक्ट तपासलं होतं का?"

"नाही."

"कारण समजू शकेल?"

"शनिवार होता."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. "मॅडम, आमची सेवा शनिवारीही चालू असते."

फोन सोमनाथनं घेतला आणि गॅलरीत जाऊन भांडायला लागला. आत येऊन आईला म्हणाला, "आई, याचा कॅमेरा गेलाय. रत्नाचा कंपनीतून फोन आला तर आवाजच येईल. तिला काही दिसणार नाही."

"बरं झालं," आत्याबाई म्हणाल्या. "तेवढाच तिच्या जिवाला आराम."

सोमवारी कॅन्टीनमध्ये डबा बाजूला सारून मी आधी कॉल लावला. पडदा काळा.

"दिसत नाय ना?" आत्याबाईंचा आवाज.

"नाही ना."

तेवढ्यात त्यांचा अंगठा कुठंतरी पडला आणि काळोख फाटला. मागचा कॅमेरा सुरू झाला होता. सतरंजीवर माझी लेक बसलेली, हनुवटी तपकिरी. आत्याबाईंचा हात आत आला. हातात चहात बुडवलेलं बिस्कीट.

वर्षाच्या आत साखर नको, चहा तर नकोच नको, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी ते आत्याबाईंना घसा सुकेपर्यंत ऐकवलेलं.

"काय खाल्लं तिनं?" मी विचारलं.

"मऊ भात. वर वरण." आवाजात जराही अडखळ नाही.

मी ओरडणारच होते. पण तो हात मध्येच मागे गेला, कॅमेऱ्याबाहेर फुंकर ऐकू आली, आणि बिस्कीट पुन्हा आत आलं. संस्कृती आ करून थांबलेली. घास मिळाला तशी ती पोट हलवून हसली. असं हसू माझ्या नाचणीच्या सत्त्वाला कधी मिळालेलं नाही.

वरून सोमनाथचा मेसेज टपकला. "जिंकलो! कंपनी मानली. फोन बदलून देतायत. पुढचा कॅमेरा चालणारा!"

पुढचा कॅमेरा चालला की मला रोज आत्याबाईंचा पदर सावरलेला चेहरा दिसेल, आणि मांडीवर भाताची वाटी. मी लिहिलं, "नको. राहू दे. आवाज स्वच्छ येतोय."

"अगं, मी दोन दिवस भांडलोय!"

त्याला उत्तर न देता मी फोनमध्ये म्हणाले, "आवडला का तिला भात?"

"लई. अजून मागतीय."

"द्या मग. पण आता एकच."

भात एक-दोन मोजून कुणी मागत नाही, हे माझ्या लक्षात येईपर्यंत चित्र हललं. माझी लेक बाजूला सरकली, मग भिंत आली, मग छत, आणि फोन पंख्यावर येऊन थांबला.

"बरं बाई," आत्याबाई म्हणाल्या, "एकच देते."

पंखा गरगरत होता. खाली कुठंतरी संस्कृती पुन्हा हसली. मी कॉल चालूच ठेवला आणि डबा उघडला.