गाऱ्हाण्यातली एक ओळ

रिपोर्ट हातात पडला तेव्हा रुक्मिणीला रडू आलं नाही, हसू आलं. समोरची समुपदेशक बाई गोंधळली. दोनदा कर्करोग होऊन गेलेली, एका स्तनाची आणि दोन्ही अंडाशयांची वजाबाकी झालेली बावन्न वर्षांची बाई जनुकात दोष सापडला म्हटल्यावर हसते, हा प्रकार गोव्यातल्या त्या हॉस्पिटलात बहुधा पहिलाच.

"पुन्हा सांगा. हळू सांगा," रुक्मिणी म्हणाली.

बाईने सांगितलं. एकाच माणसाला दोन वेगळे कर्करोग झाले, म्हणून रक्त तपासलं, सोबत आईचंही. दोष जन्मापासूनचा. आईच्या रक्तात तो नाही, म्हणजे वडिलांकडून आलेला. वडील पोटातल्या गाठीने गेले, त्यांची बहीण पस्तिशीत गेली, सगळं जुळतंय. आता वडिलांच्या भावाने, त्याच्या मुला-नातवंडांनी तपासून घ्यायला हवं. "हे पत्र त्यांना द्या. लवकर द्या."

रुक्मिणीने पत्राची घडी पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली.

हसण्याचं कारण मिठबावात राहत होतं. भाई, वडिलांचे थोरले भाऊ, वय चौऱ्याऐंशी, आवाज अजून देवळाच्या घंटेला भारी. मार्गशीर्षात सगळं घराणं कुळाच्या देवळात जमे आणि भाई देवापुढे गाऱ्हाणं घालत. अमक्याचं लग्न जुळव, तमक्याला नोकरीत कायम कर, आणि प्रत्येक ओळीला जमाव "व्हय म्हाराजा" म्हणे. रुक्मिणीची मोठी बहीण रसिका चौतिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेली, त्या वर्षी भाईंनी एक नवी ओळ घातली: "भायल्या घरात्सून जी काय पीडा ह्या घरात इली आसात, ती इल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा!"

नाव घेतलं नाही. भाई तसे सभ्य. पण बाहेरचं घर म्हणजे शिरोडा, आणि शिरोड्याहून सून म्हणून आलेली एकटी विमला, रुक्मिणीची आई, हे देवळातल्या लहान पोरांनाही कळत होतं. पुढे वडील गेले, ओळ राहिली. रुक्मिणीचा पहिला आजार झाला, दुसरा झाला. ओळ राहिलीच, वर भाईंचा आवाज चढला. आणि विमला सव्वीस वर्षं हात जोडून, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून, स्वतःविरुद्ध "व्हय म्हाराजा" म्हणत आली.

रुक्मिणीने ओरोसला जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत तीस वर्षं काढली होती. चुकीची नोंद खोडायची नसते, खोडलं की संशय वाढतो. जिथे चूक झाली त्याच दप्तरात दुरुस्ती चढवायची, हे तिला तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. भावकीला वेगळा नियम का लावायचा?

रविवारी ती मिठबावला गेली. भाई पडवीत सुपारी कातरत होते.

"इलंस गो? तब्येत काय म्हणता?"

"माजी बरी आसा. तुमच्या घराण्याची बरी नाय."

तिने सगळं सांगितलं. अडकित्ता थांबला.

"मशीन चुकता."

"मशिनीन दोनदा बघल्यान. तुमी एकदाय बघलास नाय."

"मेलल्या बापाशीक दोष देतंस?"

"तेका काय इचारून दिल्लो? तेचो दोष नाय, ह्या घराचा रगात आसा. पण ज्या तोंडान माज्या आवशीक सव्वीस वर्सां सोलल्यात, त्याच तोंडान ती ओळ फिरवची. ह्या वर्साच्या गाऱ्हाण्यात. सगळ्यांसमोर."

"नाय फिरवलंय तर?"

रुक्मिणीने पर्स थोपटली. "नेमको दोष खंयचो, ता ह्या पत्रात लिवलला आसा. तेच्याशिवाय काय शोधूचा ताच डॉक्टरांका कळाचा नाय. तुमची शिवांगी एकोणतीस वर्सांची जाली ना?"

"पोरीचो जीव टांगणीक लावतंस?"

"माज्या आवशीक तुमी जंय टांगलास, थंयच."

भाईंच्या चेहऱ्यावर आधी घराण्याचं नाव दिसलं, मग गावातला मान, आणि तिसऱ्या नंबरावर नात. रुक्मिणीने तो क्रम नीट पाहून ठेवला.

मार्गशीर्षाला एकेचाळीस दिवस होते. हे दिवस भाईंच्या खाती मांडायचे असं ती रोज ठरवी, आणि रोज तो दिवस तिच्याच खाती पडे. दिवाळीत शिवांगीचा फोन आला. "आत्ये, फराळ धाडलंय. करंजी फुटली आसतली तर माका बोल लाव नको!" रुक्मिणी हसली, करंज्यांचं कौतुक केलं, फोन ठेवला. पत्राबद्दल बोलली नाही.

देवळात सत्तर माणसं. भाईंचं गाऱ्हाणं त्या जागेपर्यंत आलं आणि अडलं. त्यांनी घसा साफ केला, रुक्मिणीकडे पाहिलं. ती पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"...आणि ह्या घरात जी पीडा आसा," भाई पुटपुटले, "ती भायल्या घरात्सून इल्ली नाय. ती आमच्याच रगतातली. विमलेक आमी उगाच बोल लायलो. ता माफ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा" म्हणायचं विसरून जमाव विमलाकडे बघू लागला. मग एकोणऐंशी वर्षांच्या विमलाने जोडलेले हात सोडले, पदर सारखा केला आणि शाळामास्तरणीसारखं म्हणाली, "आयकाक येना नाय. परत सांगा."

भाईंनी परत सांगितलं. ह्या खेपेस घंटेच्या आवाजात.

पायऱ्यांवर रुक्मिणीने शिवांगीच्या हातात पत्र ठेवलं. "पयला भाईंचा रगात तपासतले. तेंच्यात नाय गावला तर तू सुटलंस."

शिवांगीने पत्र खालपर्यंत वाचलं आणि परत वरच्या कोपऱ्यात आली.

"आत्ये, ही तारीख?"

"व्हय."

"दिवाळीत मी फोन केलंय, तेवा ह्यां तुज्याकडे होता?"

"व्हय."

माफी मागणं अवघड नव्हतं. पण पुन्हा तशीच वेळ आली असती तर रुक्मिणीने पुन्हा तेच केलं असतं, आणि हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने ती मागितली नाही.

"भाईंका घेवन मीच जातंय," शिवांगी म्हणाली. "तू येव नको." आणि मागे न बघता उतरून गेली.

रुक्मिणी पायरीवरच उभी राहिली. आत कोणीतरी आईला बसायला पाट पुढे करत होतं. आई दोनदा नको म्हणाली. मग बसली.