भागूची आई

संवत छप्पनच्या, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबादच्या छावणीत गिरजाघराचं काम निघालं. पलटणीच्या साहेबांना प्रार्थनेसाठी पक्की इमारत हवी होती आणि वेरूळ-खुलताबादेकडून उतरलेली उपाशी माणसं ओंजळभर ज्वारीवर दगड वाहायला तयार होती. साळूबाई त्यांतलीच. तिचा नवरा, बन्सी, घाटातच पटकीनं गेला. त्याला रस्त्याकडेला दगडांखाली ठेवून ती लहानग्या भागूला पाठीशी बांधून शहरात आली.

शिधा फक्त काम करणाऱ्याला मिळे. तेवढ्यात दोघींचं भागेना. भागूचं पोट फुगलं, पायांच्या काड्या झाल्या, विंचरताना केस हातात यायला लागले. आवारातच मिशनचा बंगला होता. तिथं मुलींना दोन वेळा कण्या मिळत. पण तिथली मडम फक्त पोरक्याच मुली घ्यायची. आई असलेली पोर फाटकातूनच परत जायची.

एके दिवशी साळूबाईनं विहिरीपाशी भागूचं तोंड धुतलं आणि तिला समोर बसवलं.

"आत गेलीस की मला आई म्हणायचं नाय. कुणी इचारलं तर सांगायचं, आई मेली."

"तू कुठं मेलीस?"

"तसंच सांगायचं. नायतर खायला मिळायचं नाय."

मडमेला मराठी जेमतेम यायचं. तिचं बोलणं नानासाहेब सांगत. ते मिशनचे उपदेशक होते. त्यांच्यापुढं साळूबाई म्हणाली, "पोर रस्त्यात घावली. कुणाची, ठाव नाय." नानासाहेबांनी पोरीला विचारलं. भागूनं शिकवलेलं बरोबर सांगितलं, तिला आत घेतलं आणि दार लागलं.

मग साळूबाई डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन बांधकामाच्या परांचीवर चढायची, तेव्हा तिला बंगल्याचं अंगण दिसायचं. भागू रांगेत बसून जेवायची. तिच्या गालांवर मांस आलं. एकदा ती नजर चुकवून दगडांच्या ढिगापाशी आली आणि गुमान उभी राहिली. बंगल्याच्या ओट्यावर नानासाहेब होते. साळूबाईनं पाठ फिरवली आणि पाटी भरत राहिली. बऱ्याच वेळानं वळून पाहिलं तर पोर गेली होती. पुन्हा ती तिकडं आली नाही.

पुढच्या साली रानं पिकली. माणसं गावाकडं परतायला लागली. साळूबाईच्या भावानं निरोप धाडला, पोरीला घेऊन ये, दोन घास आमच्यात खा. साळूबाईनं गवंड्यांचा मुकादम मजीद मिस्त्री याला सगळं सांगितलं. तो मुळातच भला माणूस. कपाळाला हात लावून म्हणाला, "मला तर आधीच शक होता, बाई. चल, मी सांगतो त्यांना."

बंगल्याच्या ओट्यावर मजीदनं अल्लाची कसम घेऊन सांगितलं, की पोर हिचीच आहे. मडमेनं नानासाहेबांकडून ते समजून घेतलं. नानासाहेब म्हणाले, "दुष्काळात पोरी पळवून विकणाऱ्या बाया आम्ही लई पाहिल्या. तूच म्हणालीस ना, रस्त्यात सापडली?"

"खोटं बोलले, साहेब. पोटासाठी बोलले."

भागूला बोलावलं. अंगात पांढरा झगा, केस कानापर्यंत कापलेले. नानासाहेबांनी विचारलं, "ही बाई कोण तुझी?"

भागूनं साळूबाईकडं पाहिलं. मग खाली पाहिलं.

"माझी आई मेली," ती म्हणाली.

"भागे, आता खरं बोल. मीच सांगते नव्हं तुला, बोल."

पण ती पुन्हा तेच म्हणाली, आणि मडमेच्या झग्याआड गेली. तिनं भिऊन म्हटलं, की रागानं, की तिला आता तसंच वाटत होतं, हे साळूबाईला कळलं नाही. मजीदनं तिला दंडाला धरून फाटकाबाहेर आणलं.

महिन्याभरात मोठ्या मुलींबरोबर भागूलाही नव्या आगगाडीनं मुंबईला नेलं. तिथं बंदराजवळ मिशनचं मोठं गिरजाघर होतं, तिथं पोरींचा बाप्तिस्मा व्हायचा. साळूबाईला कळलं तेव्हा गाडी गेली होती. ती गावी गेलीच नाही. गिरजाघर उभं राहिलं, साहेब लोक बग्ग्यांतून येऊ लागले आणि साळूबाई आवार झाडायला राहिली. पोर कधी आलीच, तर इथंच येईल, एवढाच तिचा हिशेब.

पुढच्या थंडीत मुंबईहून खबर आली. तिथल्या पोरींत प्लेग शिरला होता. रविवारी प्रार्थनेच्या वेळी नानासाहेबांनी प्लेगनं मेलेल्या पोरींची नावं वाचली. मार्था. रूथ. लीडिया. एस्तेर. साळूबाई बाहेर पायरीवर बसून ऐकत होती. लोक पांगल्यावर तिनं त्यांना गाठलं.

"ह्यांतली भागू कोणती, साहेब?"

नानासाहेब थांबले. "बाप्तिस्म्याची नवी नावं तिथं ठेवली, बाई. कोणाचं कोणतं, मला ठाऊक नाही. मडमही विलायतेला गेली."

"मग ती हाय का गेली?"

नानासाहेबांनी नावांचा कागद घडी करून खिशात घातला. साळूबाई पायरीवर जाऊन बसली. मार्थासाठी ती रडली, मग रूथसाठी, मग लीडियासाठी. चौथं नाव तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. ते विचारायला ती पुन्हा उठली, तेव्हा गिरजाघराला कुलूप लागलं होतं.