अर्धा अंश

सोमवारी सकाळी साडेआठला पारा नऊवर होता. मंगळवारी चौदा, बुधवारी सतरा आणि गुरुवारी पाऊस पडून पुन्हा दहा. थंडी जाता जाता असा लपंडाव खेळतेच. पण हवामान कार्यालयात कुणीतरी जुने कागद काढले.

"काकू, आकडे अंदाजपंचे तर नाहीत ना?" कारकुनाने गुरुवारी फोनवर विचारलं.

"अंदाज तुम्ही सांगता. मी बघून सांगते."

तो हसला, मग खाकरला. "जवळपास वर्षभर तुमचं गाव शेजारच्या गावापेक्षा गरम दिसतंय. तिथे आपोआप आकडे पाठवणारं यंत्र आहे. उद्या तपासनीस येतायत. चूक निघाली तर तापमापकाची पेटी उचलून नेतील."

काकूंनी फोन ठेवला. पेटी गेली की हा फोनही जाणार. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारा तेवढा एकच आवाज होता, तोही दोन मिनिटांचा.

अंगणातल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीतला तापमापक तीस वर्षं त्यांचे यजमान वाचत. शाळेत त्यांना पारा सर म्हणायचे. थोडं पेटीमुळे, बरंचसं स्वभावामुळे. अकरा महिन्यांपूर्वी ते गेले. दुसऱ्या दिवशी साडेआठला फोन वाजला, तेव्हा काकूच बाहेर जाऊन आकडा बघून आल्या. त्यानंतर एकही खाडा नाही.

शुक्रवारी धुकं होतं. तपासनीस ठेंगणा, कानटोपी घातलेला. त्याने अंगणातली बादली पालथी घातली आणि तिच्यावर उभा राहिला. बूट चिखलात नको असतील, असं काकूंना वाटलं.

"साडेअकरा अंश," तो म्हणाला. "आता तुम्ही बघा."

काकूंनी टाचा उंचावल्या, मान वर केली. "बारा."

"पुन्हा बघा."

"बाराच."

"सर उंच होते?"

"दाराच्या चौकटीला रोज डोकं आपटायचे. आणि चौकटीवरच ओरडायचे."

"तरीच. पेटी त्यांच्या डोळ्यांच्या बेताने लावलीय. तुम्ही खालून बघता, म्हणून पारा वरच्या रेघेला टेकलेला दिसतो. काकू, अकरा महिने अख्ख्या गावाला तुम्ही अर्धा अंश जास्त ऊब दिलीत."

"मग नेणार पेटी?"

"घरात स्टूल आहे का?"

"आहे."

"मग कशाला नेऊ? मागचे आकडे आम्ही दुरुस्त करू."

शनिवारी लख्ख ऊन पडलं. काकूंनी स्टूल मांडलं, पेटीला धरून वर चढल्या, झडप उघडली. तेरा. आता रेघ अगदी डोळ्यांसमोर होती.

झडप लावताना त्यांची नजर पेटीवरून पलीकडे गेली. खाली उभं राहिलं की पेटीच आड यायची. इथून स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. खिडकीत शेगडी, चहाचं पातेलं, साखरेचा डबा, आणि डब्यात खोचलेला चमचा.

तीस वर्षं सर अंगणातून आत येत आणि कप हातात घेण्याआधीच म्हणत, "आज साखर जास्त टाकलीस." चाखायच्या आधीच नावं ठेवतात म्हणून काकू तीस वर्षं चिडत आल्या होत्या.

तेव्हा काकू उभ्या असायच्या त्या शेगडीपाशी आता कुणी नव्हतं. काकू बघत राहिल्या. आत फोन वाजत होता.

"आज उशीर झाला काकू?" कारकुनाने विचारलं. "स्टुलावर चढायला त्रास होतो का?"

"चढले लगेच," काकू म्हणाल्या. "उतरायला वेळ लागला. लिहा, तेरा."