मातेच्या वतीने

रुखमाबाईने ओल्या बारदान्याची घडी उलगडली आणि देवळाच्या ओट्यावर बसूनच गव्हाचे कोंब मोजायला घेतले. पंचमीच्या संध्याकाळी तिने पन्नास दाणे भिजत घातले होते, घटात पेरले त्याच डब्यातले. भोवती दहा-बारा बायका दाटीने उभ्या होत्या. पेरणीआधी धानाचं बियाणं असंच तपासायची गावाची रीत होती. गहू मात्र कोणी तपासला नव्हता, आणि मातेचा गहू तर नाहीच नाही.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली.

सत्यभामाबाई पुढे वाकून बघत होती. "म्हणजे बी तं चांगलं हाय ना वो. मंग घट काहून नाही उगवला?"

बी मेलेलं निघेल, या भरवशावर रुखमाबाईने चार दिवस काढले होते.

नवरात्रात घरोघरचे घट देवळाच्या अंधाऱ्या खोलीत ठेवले जात. किल्ली पुजारी तुलारामकडे, पाणी घालायचं तेही त्यानेच. नवमीला घटात वाढलेले गव्हाचे कोंब, म्हणजे जवारे, डोक्यावर घेऊन बायका तलावावर जात. ज्याचे जवारे उंच, त्याच्यावर मातेची मर्जी. यंदा बाकी सगळे घट पिवळेधमक फुटले आणि रुखमाबाईचा तेवढा तसाच राहिला. पंचमीला तुलारामने जाहीर करून टाकलं, माता रुसली. का रुसली ते गावाला सांगावं लागलं नाही. घटस्थापनेच्या दिवशी तिची सून डिंपल, सिहोऱ्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी, भर देवळात विचारून बसली होती, "माता बोलते हे कायवरून, काका? आमाले तं तुमचाच आवाज ऐकू येते."

आता डिंपलने मातेपुढे नाक घासून माफी मागायची, नाहीतर या घरचा घट आज नवमीच्या मिरवणुकीत नाही आणि पुढेही कधी नाही, असं ठरलं होतं. तिचा नवरा अमर दोन दिवसांपासून एकच टुमणं लावून होता, "घासून टाक ना एकदाचं. नाक काही झिजत नाही." मोठा शहाणा! त्याला कोणी घासायला सांगितलं नव्हतं.

खांबाशी उभी असलेली डिंपल पुढे आली.

"आई, पुरावा मीच मागतली होती. निघाला तो माझ्याच विरोधात. घासते मी नाक. माझ्यापायी तुमचा घट नको अडकायले."

रुखमाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्नानंतर याच पोरीने देव्हाऱ्यापुढे हात जोडायला नकार दिला, तेव्हा रुखमाबाई चार दिवस तिच्याशी बोलली नव्हती. मातेवर तिची श्रद्धा होती, या क्षणीही होती. पण या पोरीची मान खाली गेलेली तिला बघवेना.

"थांब. हा पुरावा बियाचा हाय, मातेचा नाही."

ती उठली, मिरवणुकीसाठी उघडलेल्या खोलीत सरळ शिरली आणि आपला घट उचलून बाहेर आली. नवमीची पूजा होईपर्यंत घट हलवायचा नसतो. तुलाराम "वयनी, वयनी" करत मागे धावला, तोवर तिने घट ओट्यावर पालथा घातला होता.

काळा चिखल पसरला आणि कुजलेल्या गव्हाचा आंबूस वास सुटला. खाचरात पाणी साचलं की धानाची रोपं अशीच सडतात, हे तिथल्या प्रत्येक बाईने पाहिलेलं होतं.

"एवढं पाणी कोण टाकलं?"

"मातेची मर्जी," तुलाराम म्हणाला. बघत मात्र चिखलाकडे होता.

"बरं. मंग मातेलेच विचारते."

रुखमाबाई मूर्तीपुढे मांडी घालून बसली. "माय, तीस वर्षं घट पेरली, तुले कधी काही विचारली नाही. आज विचारून राहिली. माह्या सुनेवर तू रुसली का? तूच सांग. तुह्याकरता दुसरं कोणी बोलणार नाही."

बाहेर वाजंत्री ताटकळले होते. तुलारामने घसा साफ केला तसा तिने हात वर केला.

"तुमी नाही. ती."

अमर दाराशी येऊन पुटपुटला, "आई, लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

ऊन ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर आलं. डिंपल हळूच येऊन सासूशेजारी बसली. तिने हात जोडले नाहीत आणि रुखमाबाईनेही सांगितलं नाही. मूर्तीच्या समोर दोघी नुसत्या बसून राहिल्या.

शेवटी तुलाराम भिंतीशी उकिडवा बसला.

"मीच टाकलो पाणी," तो म्हणाला. "सगळ्याइचे कोंब आले, तुमचा एक दिवस मांगं पडला. तुमच्या मालकाच्या, पुंडलिकदादाच्या घरचा घट मांगं दिसू नये म्हणून रोज एक तांब्या जास्त टाकत गेलो. तरी उगवला नाही, तं मले वाटलं खरंच रुसली. पाणी जास्त झालं हे मले आता समजलं, चिखल पाहून."

एवढं बोलून त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

सत्यभामाबाईने टाळी वाजवावी तसे हात जोडले. "पाहा वो! मातेनंच बोलवलं त्याच्या तोंडून!"

बायका भराभर मूर्तीपुढे वाकल्या. मागून कोणीतरी जयजयकार सुरू केला.

"नाही," रुखमाबाई म्हणाली, इतक्या जोरात की जयजयकार अर्ध्यावरच थांबला. गुडघ्यावर हात देऊन ती उठली. "तुलारामभाऊ बोलले. एवढं तरी त्याह्यचं त्याह्यले राहू द्या."