एकटीचा मॅट्रिक वर्ग

मी बाक बोलतोय. जबलपूरच्या एका मराठी शाळेत, मॅट्रिकच्या वर्गात, पहिल्या ओळीत माझी जागा होती. होती म्हणतो, कारण आता तो वर्गच उरला नाही.

शाळेला मॅट्रिकचा वर्ग मिळाला तेव्हा इथल्या मराठी घरांनी वर्गणी काढून आम्हा बाकांना घडवून घेतलं. रेल्वेतले बाबू, कारखान्यातले कामगार, सगळ्यांना हौस, की आपली पोरं आपल्या भाषेत मॅट्रिक व्हावीत. पोरांनी पहिल्याच आठवड्यात करकटकानं माझ्यावर नावं कोरली. चावट कार्टी. पण निकाल उत्तम लावायची.

मग लढाई लागली. कारखान्यात रात्रंदिवस तोफांचं काम सुरू झालं आणि माणसं कमी पडू लागली. आमचे हेडमास्तर विष्णुपंत म्हणजे देवमाणूस. एखाद्या घरची ओढाताण कळली, की सायकल काढून कारखान्यात जायचे आणि पोरासाठी साहेबाकडे शब्द टाकायचे. पोरगा नोकरीला चिकटला, की पहिल्या पगाराची खव्याची जिलबी शाळेत यायची आणि माझ्यावरच ठेवून वाटली जायची. सगळे खूश, विष्णुपंतही खूश. दर वेळी जिलबी खाणारी तोंडं कमी होताहेत, हे त्या भल्या माणसाच्या लक्षातच आलं नाही. मला दिसत होतं, पण बाकाचं ऐकतो कोण?

हुशार पोरं आधी गेली, कारण साहेबाला तीच हवी होती. उरलेल्यांनी परीक्षेत दिवे लावले. निकाल घसरला, तसे पालक मुलांना हिंदी शाळेत घालू लागले. शेवटी मॅट्रिकला एकटी इंदू उरली, रेल्वेतल्या रत्नाकररावांची मुलगी. तिला मास्तरीण व्हायचं होतं आणि त्यासाठी मॅट्रिक हवं होतं.

सरकारी तपासनीस आले. एका मुलीसाठी वर्ग चालवता येणार नाही, असं सांगून गेले. विष्णुपंतांनी ते इंदूला सांगितलं, तरी ती माझ्यावरून उठली नाही.

"सर, तुम्ही शिकवून राहिले, मी शिकून राहिली. मग वर्ग काहून बंद?"

विष्णुपंत खुर्चीत बसले. "बेटा, पोरं मीच पाठवली," एवढंच म्हणाले.

घरी येऊन शिकवतो, बाहेरून परीक्षेला बसवतो, असा शब्द त्यांनी तिला दिला. मनापासून दिला होता. पण त्यांचा पगार मॅट्रिकच्या वर्गापोटीच मिळायचा, वर्गाबरोबर तोही गेला. तेही कारखान्यात कारकून झाले आणि तिथं दुहेरी पाळी लागली. इंदू वाट बघत राहिली. परीक्षा हुकली ती हुकलीच.

लढाई संपल्यावर छाटणी झाली. पोरं घरी आली. ना नोकरी, ना मॅट्रिक. त्यांतलाच एक, विनय, शाळेत येऊन विचारून गेला, पुन्हा वर्गात बसता येईल का. कुठे बसवणार त्याला?

आता मी पहिलीच्या वर्गात भिंतीला टेकून असतो. माझ्यावर पाण्याचा माठ ठेवलाय. तो रोज भरते इंदू. रत्नाकरराव गेल्यावर घर चालवायला तिनं शाळेत हेच काम धरलं. तिला बघून माझा जीव तुटतो. बाबांनो, वर्गात एकच मूल उरलं, तरी त्याला शिकवा हो.

काल एका चिमुरडीनं पाटी इंदूपुढे धरली. म्हणाली, "दीदी, हे अक्षर कसं काढायचं?"

इंदूनं पाटी घेतली, पेन्सिलही घेतली. मग दाराकडे बघितलं आणि दोन्ही परत दिल्या.

"मास्तरांना विचार बेटा," ती म्हणाली. "मी पाणीवाली आहे."