बांगड्यांचा सीन

"फोडताना हात जरा कॅमेऱ्याकडे असू द्या," संस्थेच्या संध्या मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी हिरव्या बांगड्यांचा नवा चुडा सिंधुबाईंच्या पुढ्यात ठेवला.

ओट्याच्या कडेला उभ्या असलेल्या तेजलनं त्या चुड्यावरून नजर वळवली.

तेजल नाशिकच्या इंदिरानगरची. वडील बँकेच्या परीक्षांसाठी मागे लागले होते, पण तिनं मानववंशशास्त्रात एम.ए. केलं आणि जोडीला लिंगभावाचा अभ्यासक्रम. तिला बायकांच्या हक्कांचं काम करायचं होतं. पहिल्या विषयानं तिला लोकांच्या घरात बसून ऐकायला शिकवलं; दुसऱ्यानं, कोण कुणाला गप्प बसवतंय ते बघायला. बायकांसाठी काम करणाऱ्या संध्या मॅडमच्या संस्थेत नोकरी लागली तशी ती वणीजवळच्या या गावात येत राहिली. सिंधुबाईंच्या चुलीपुढे बसून शेंगा सोलताना दोघींची माया जडली.

सिंधुबाईंचा नवरा वारला तेव्हा सासूनंच, कुसाबाईंनी, त्यांच्या बांगड्या फोडल्या होत्या. यंदा संक्रांतीला सिंधुबाईंनी बचत गटाच्या बायकांदेखत पुन्हा बांगड्या भरल्या. भावकीनं बोलणं टाकलं, तरी उतरवल्या नाहीत. देणगीदारांना दाखवायच्या फिल्मसाठी संस्थेला हीच गोष्ट हवी होती. फक्त आधीचं दुःख दिसायला हवं होतं. म्हणून कुंकू पुसायचं, पांढरं लुगडं नेसायचं आणि बांगड्या पुन्हा एकदा फोडायच्या.

सिंधुबाई जागच्या हलेनात, तेव्हा मॅडमनी तेजलला बाजूला घेतलं. त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे, तूच समजाव, वर्षभर तुला इथं पाठवलं ते कशासाठी, असं त्या हसत म्हणाल्या. इतके दिवस आपण त्या चुलीपुढे बसलो ते यासाठी होतं, या विचारानं तेजलला शिसारी आली.

तरी ती सिंधुबाईंजवळ जाऊन बसली.

"ताई, तू म्हणशील तर करते," सिंधुबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पन मला नाय सोसायचं."

"नका करू, मावशी."

मॅडम रागावल्या नाहीत. उन्हं उतरत होती. कॅमेरावाला रविराज दारात बसलेल्या कुसाबाईंकडे बघत होता. ऐन तारुण्यात विधवा झालेली म्हातारी, चेहरा सुरकुतलेला, हात मोकळे. हा चेहरा जास्त बोलतो, असं तो म्हणाला. कुणी काही बोलायच्या आत मॅडम खाली बसून कुसाबाईंच्या हातांत बांगड्या चढवू लागल्या.

कुसाबाई अवघडल्या. मग त्यांनी हात किंचित हलवला. काच किणकिणली. त्यांनी पुन्हा हलवला. सुनेचे हात ज्या बाईनं ओकेबोके केले, ती आता आपल्याच हातांकडे बघत राहिली होती आणि सिंधुबाई तिच्याकडे.

"छान," रविराज म्हणाला. "आता फोडा."

कुसाबाईंनी मान हलवली. "राहू दे बाई. लय दिसांनी भरल्यात."

मॅडमनी त्यांचा उजवा हात धरला, उंबऱ्यावर टेकवला आणि वरून दगड मारला. तेजल धावली, पण तोवर काच फुटली होती. मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रविराज ते जवळून टिपत राहिला.

"हेच हवं होतं," मॅडम म्हणाल्या. पर्समधून ओला टिश्यू काढून त्यांनी आपले हात पुसले, बोट न् बोट.

तेजलनं कॅमेऱ्यावर तळवा धरला. एवढं चित्रण पुसून टाका, असं तिनं सांगितलं. मॅडमनी तिला समजावलं की एका ओरखड्यानं शेकडो बायकांचं भलं होणार आहे, आणि तू शिकलेली आहेस, तुला हे कळायला हवं.

"कळलं म्हणूनच सांगतेय," तेजल म्हणाली. "नाहीतर मी तुमच्यासोबत येत नाही. आजही नाही, उद्याही नाही."

तुझ्यासारख्या पुष्कळ मिळतील, असं म्हणत मॅडम गाडीकडे निघाल्या. रविराजनं कॅमेरा उचलला आणि मान खाली घालून त्यांच्यामागे गेला. रस्त्यावरून एकदा हॉर्न वाजला. मग धूळ तेवढी मागे राहिली.

सिंधुबाईंनी पाणी आणलं. सासूचं मनगट धुतलं, हळद दाबली. तेजल उंबऱ्यापाशी वाकून काचा वेचू लागली. कुसाबाईंनी उजवा हात सुनेच्या ओंजळीत तसाच ठेवला होता. डावा मात्र त्यांनी पदराखाली लपवला होता, आणि आतून मधूनच बारीक किणकिण ऐकू येत होती.